जंगल बुकमधला 'का' अजगर : त्याची लबाडी नेमकी कशात आहे?

रानफूल

डिस्नेच्या १९६७ च्या जंगल बुकमधला व्हिलन कोण असं विचारलं की सगळे शेरखानचं नाव घेतात. बरोबरच आहे. पण मला विचाराल तर त्या पिक्चरमधला सगळ्यात धोकादायक प्राणी 'का' अजगर आहे आणि त्याच्याबद्दल मराठीत कुठे सविस्तर लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही, म्हणून हा धागा.

शेरखानला माणसाचं पिल्लू मारायचंय आणि ते अख्ख्या जंगलाला माहितीये. लांडग्यांची सभा भरते, बगीरा मोगलीला घेऊन निघतो, सगळं त्याच्याच धास्तीने. तो काही लपवत नाही. 'का' मात्र दोनच प्रसंगांत येतो आणि दोन्ही वेळा कुणाला पत्ता लागायच्या आत मोगली त्याच्या विळख्यात गेलेला असतो. लोक म्हणतात त्याची ताकद म्हणजे ते गरगर फिरणारे रंगीत डोळे, मला ते अर्धंच पटतं. डोळ्यांच्या आधी तो समोरच्याच्या मनात काय चाललंय ते बरोबर हेरतो.

पहिला प्रसंग आठवा. रात्र आहे, बगीरा मोगलीला झाडावर घेऊन आलाय, मोगली रुसलाय, बगीरा दमलाय आणि वैतागून सांगतोय की बाबा आता झोप. 'का' वरच्या फांदीवरून हळूच खाली येतो आणि बगीराचंच वाक्य उचलतो, हो रे बाळा, झोप ना, झोप. म्हणजे पालकाने जे सांगितलं तेच हा सांगतोय, फक्त गोड आवाजात. मोगलीचा गळा आवळला जातोय, तो हाक मारायला बघतोय, आणि बगीरा डोळे मिटूनच म्हणतोय आता सकाळपर्यंत एक शब्द नको. मूल खरंच संकटात आहे आणि मोठ्या माणसाला वाटतंय ते कटकट करतंय! लहानपणी मला तो सीन नुसता गमतीचा वाटायचा, आता बघताना अंगावर काटा येतो.

दुसरा प्रसंग तर त्याहून पक्का. तोवर बल्लूने मोगलीला सांगितलंय की तुला माणसांच्या गावात जावंच लागेल, मोगली पळून आलाय, आता त्याचा कुणावरच विश्वास राहिलेला नाही आणि तो तसं बोलूनही दाखवतो. नेमका तेव्हा 'का' भेटतो. आणि काय म्हणतो? तुला जंगलातच राहायचंय ना, मग मी अशी सोय करतो की तुला हे जंगल कधीच सोडावं लागणार नाही. बघा, यात एक अक्षर खोटं नाही! त्याच्या पोटात गेलं की कुठलं जंगल सोडणं. सगळ्या पिक्चरमध्ये मोगलीला हवं ते ऐकवणारा तेव्हा तो एकटाच उरलाय. मोगलीला पकडायला 'का'ला धावावं लागत नाही, बाकीच्यांनी त्याला आधीच एकटं पाडलेलं असतं.

तुम्हाला काय वाटतं? पुस्तकवाले, सापवाले, चित्रवाले सगळ्यांनी या.

---

कातळवाट

विषय चांगला काढलात रानफूल, प्रसंगांचं विश्लेषण आवडलं. पण माझी डिस्नेवर मोठी तक्रार आहे आणि ती इथे मांडणारच.

किपलिंगच्या मूळ पुस्तकांत (पहिलं १८९४, दुसरं १८९५) 'का' व्हिलन नाहीये हो. तो मोगलीचा मित्र आहे, तोही असातसा नाही, जीव वाचवणारा. माकडं मोगलीला उचलून त्या पडक्या शहरात नेतात तेव्हा बल्लू आणि बगीरा मदत मागायला कुणाकडे जातात? 'का'कडे. कारण माकडं जंगलात फक्त त्याला घाबरतात. बगीरा त्याला मुद्दाम चिडवतो की माकडं तुला बिनपायांचं गांडूळ म्हणतात, म्हणजे म्हातारा पेटून उठेल. तीस फुटांचा अजगर, नुकतीच कात टाकलेला, डोक्याने धडका मारून संगमरवरी भिंत फोडतो आणि पोराला बाहेर काढतो. मग चांदण्यात तो भुकेचा नाच करतो, वेटोळी घालत, गुणगुणत, आणि माकडं एकेक पाऊल पुढे पुढे यायला लागतात. बल्लू आणि बगीरासुद्धा ओढले जातात! मोगलीवर मात्र काहीही परिणाम होत नाही, त्याला फक्त एक मोठा साप वेड्यासारखा गोल गोल फिरताना दिसतो. तोच दोघांच्या अंगावर हात ठेवून त्यांना जागं करतो.

म्हणजे डिस्नेने सरळ उलटं केलंय. पुस्तकात ज्या एकाच जिवावर 'का'ची मोहिनी चालत नाही त्याच्यावरच पिक्चरमध्ये ती दोन्ही वेळा चालते.

आणि रानकुत्र्यांची गोष्ट? ढोलांची मोठी टोळी लांडग्यांवर चालून येते तेव्हा युक्ती 'का'च सांगतो. नदीच्या घळीत मधमाश्यांची पोळी लटकलेली, मोगलीने ढोलांना डिवचून मागे लावायचं, कड्यावरून नदीत उडी मारायची, वरून माश्या तुटून पडतात आणि खाली पाण्यात मोगलीला झेलायला 'का' थांबलेला. इतक्या भरवशाच्या मित्राला विदूषक करून टाकलं. शेपटीला गाठ मारून लंगडत जाताना दाखवलाय त्याला. वाईट वाटतं.

---

रेघोट्या

मी ॲनिमेशनमध्ये काम करते त्यामुळे माझं लक्ष वेगळ्या गोष्टींवर जातं.

साप ॲनिमेट करणं फार अवघड असतं. हात नाहीत, खांदे नाहीत, भुवया नाहीत, मग अभिनय करायचा कशाने? तो सीन स्टेप करून बघा (एकेक फ्रेम पुढे). मान हाच त्याचा हात आहे. मानेला बाक देऊन तो खांदे उडवतो, मान तिरकी करून आर्जव करतो, शेपटीच्या टोकाने बोटाचं काम करून घेतो. दुसऱ्या प्रसंगात तर अंगाचं काय काय केलंय, मोगली झोपेत चालतोय आणि त्याच्या प्रत्येक पावलाखाली वेटोळ्याची पायरी तयार होते, मग घसरगुंडी होते, मग उशी होते. पोराला पडू न देता तो खेळवतोय, आणि आपण बघणारेही त्या तालात डोलायला लागतो. वेटोळ्यांचं परस्पेक्टिव्ह, मागचा भाग कुठून पुढे येतो, जाडी कुठे किती, हे हाताने काढायचं म्हणजे खरंच कष्टाचं काम. शिवाय त्या काळात डिस्नेकडे पेन्सिलची रेघ झेरॉक्सने थेट सेलवर (ज्या पारदर्शक कागदावर चित्र रंगवतात त्यावर) उतरवायची पद्धत होती, १९६१ च्या त्या ठिपक्यांच्या कुत्र्यांच्या पिक्चरपासून रुळलेली, त्यामुळे चित्रकाराच्या हातची रेघ जशीच्या तशी पडद्यावर दिसते, थोडी खरबरीत.

आणि आवाज! स्टर्लिंग हॉलोवे. याच माणसाने डिस्नेच्या विनी द पूला आवाज दिला, पूचा पहिला छोटा पिक्चर १९६६ चा, म्हणजे जंगल बुकच्या फक्त एक वर्ष आधी. मधासाठी हपापलेलं भोळं अस्वल आणि हा अजगर, दोघांचा गळा एकच. १९५१ च्या ॲलिसमधलं हसरं मांजरही त्याचंच. तो आवाज जाड नाही, घोगरा नाही, धमकावत नाही. किंचित फाटलेला, मऊ, आजोबांसारखा. दुसरा कुठलाही स्टुडिओ असता तर सापाला खर्जातला आवाज दिला असता. रानफूल म्हणतायत ना की तो गोड बोलून गळ्यात पडतो, ते निम्मं या आवाजामुळे जमलंय.

दुसऱ्या प्रसंगात 'का' जे गाणं म्हणतो त्याचीही गंमत सांगते. संगीतकार शर्मन बंधूंनी ती चाल मुळात डिस्नेच्याच मेरी पॉपिन्स या पिक्चरसाठी केली होती, वाळवंटाच्या एका गाण्यासाठी, ते पिक्चरमध्ये घेतलंच नाही. मग शब्द बदलून चाल इथे वापरली. म्हणून त्या सुरावटीत तो रेंगाळणारा, उन्हात गुंगी आल्यासारखा भाव आहे.

@कातळवाट, तुमचं दुःख समजतं. पण वॉल्ट डिस्नेने टीमला पुस्तक बाजूला ठेवायलाच सांगितलं होतं. आधी बिल पीटने पटकथा केली होती ती पुस्तकासारखी गंभीर आणि काळोखी होती, डिस्नेला ती पटली नाही, पीट स्टुडिओ सोडून गेला. पिक्चर ऑक्टोबर १९६७ मध्ये आला, डिस्ने डिसेंबर १९६६ मध्येच गेले होते. म्हणजे हा त्यांनी जातीने लक्ष घातलेल्या शेवटच्या पिक्चरपैकी एक. त्यांना हलकंफुलकं जंगल हवं होतं आणि त्या जंगलात तीस फुटी ज्ञानी म्हातारा बसला नसता.

---

सर्पमित्र_सातारा

थोडं सापांच्या बाजूने बोलतो.

पहिली गोष्ट, कुठलाही साप संमोहन करत नाही. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, त्यामुळे तो पापणी लववतच नाही आणि आपल्याला वाटतं टक लावून बघतोय. बेडूक किंवा उंदीर सापासमोर कधी कधी थिजून बसतो ते भीतीमुळे, हललं की दिसतो म्हणून. त्यावरून ही मोहिनीची समजूत आली असावी. आपल्याकडे गावात तर अजगर श्वासाने जनावर ओढून घेतो असंही सांगतात, तेही खरं नाही. अजगर दबा धरून पडून राहतो, ओठांजवळच्या खळग्यांनी गरम रक्ताच्या प्राण्याची ऊब ओळखतो, जिभेने हवेतला वास टिपतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झडप.

दुसरी, गळा आवळून श्वास कोंडतो आणि मारतो असं आपण शाळेपासून ऐकतो. २०१५ मध्ये बोआ सापांवर झालेलं संशोधन प्रसिद्ध झालं, त्यात दिसलं की विळख्याच्या दाबाने उंदराचा रक्तप्रवाहच काही सेकंदांत कोलमडतो, श्वास कोंडायची वेळ येण्याच्या आधीच. त्यामुळे तो सीन खरा असता तर मोगलीला बगीराला हाक मारायला वेळच मिळाला नसता.

तिसरी, तीस फूट. आपला भारतीय अजगर साधारण दहा-बारा फुटांचा मिळाला तरी मोठा म्हणतो आम्ही. माणसाच्या वाटेला तो जात नाही, बिनविषारी आहे, वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहे म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि अंगाचे स्नायू थरथरवून अंड्यांना ऊब देते, सापांमध्ये ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. उसाच्या फडात अजगर निघाला की लोक काठ्या घेऊन जमतात, आम्ही पोचेपर्यंत कधी कधी उशीर झालेला असतो, आणि तिथे उभी असलेली पोरं हमखास विचारतात की काका हा डोळ्यांनी भूल घालतो का? म्हणून पिक्चरमधल्या 'का'वर माझा जीव काही बसत नाही. रेघोट्या ताई, तुमचं कौतुक आहेच, पण त्या चित्राचा परिणाम आम्हाला बांधावर दिसतो.

---

रेघोट्या

@सर्पमित्र_सातारा दादा, पापण्यांचं बरं काढलंत. पिक्चरमधल्या 'का'ला पापण्या आहेत! जड, अर्ध्या मिटलेल्या. त्या दिल्या नसत्या तर त्याचा चेहरा कोराच राहिला असता. सगळा कपटीपणा त्या अर्ध्या मिटलेल्या पापण्यांत आहे, आणि त्या उघडल्या की मगच चक्रं फिरायला लागतात. म्हणजे जो अवयव सापाला नसतोच त्याच्यावर पात्र उभं केलंय. तुमची तक्रार मान्य, मुलांना हे सांगायलाच हवं.

---

वैनगंगाकाठ

मी गोंदियाचा. आमची नदीच पुस्तकात आहे म्हणून राहवलं नाही. किपलिंगने जी वाइनगंगा लिहिली ती ही वैनगंगा, सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटवरून आमच्याकडे येते, पुढे भंडारा, गडचिरोली. मधमाश्यांची ती घळ आणि 'का' ज्या पाण्यात मोगलीला झेलतो ते पाणी याच नदीचं. किपलिंग जन्माने मुंबईचा, वडील जे. जे. आर्ट स्कूलला शिकवायला होते, पण ही पुस्तकं त्याने अमेरिकेत व्हरमाँटमध्ये बसून लिहिली. तरी आमच्या भागातलं रान त्यात बरंच ओळखू येतं. मोहाची झाडं, उन्हाळ्यात पाण्यासाठी सगळ्या जनावरांची एका डोहावर गर्दी, रानकुत्र्यांची दहशत, हे सगळं इथलंच आहे. आमच्याकडे रानकुत्र्याची टोळी बघितलेला माणूस वाघापेक्षा तिच्याबद्दल जास्त बोलतो.

कातळवाट म्हणतात तसं, ज्याने 'का'ची पुस्तकातली गोष्ट वाचली त्याला पिक्चरमधला 'का' परका वाटतो. तरी रानफूलचं ते जंगल कधीच सोडावं लागणार नाही वालं वाचलं आणि पहिल्यांदाच वाटलं की पिक्चरवाल्यांनी नुसतं बिघडवलं नाही, दुसरं काहीतरी नवीन केलं.

---

एकतारी

आपल्या परंपरेत अजगराचे हे दोन्ही चेहरे आधीपासून आहेत, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

भागवताच्या दशम स्कंधात अघासुर येतो. पूतना आणि बकासुराचा भाऊ. तो अजगराचं रूप घेऊन वाटेत जबडा उघडून पडतो आणि गोपबाळांना वाटतं ही डोंगराची गुहाच आहे, वृंदावनातली एखादी शोभा. काही जण म्हणतातही की हा अजगरासारखा दिसतोय, पण कृष्ण बरोबर आहे ना, मग भीती कसली, आणि टाळ्या वाजवत, हसत आत जातात. अघासुर त्यांच्या मागे धावत नाही. पोरं आपल्या पायांनी आत जातात. रानफूल, तुमच्या मुद्द्याला यापेक्षा जुना दाखला मिळणार नाही.

दुसरीकडे वनपर्वातला नहुष. अगस्त्यांच्या शापाने अजगर झालेला राजा, भीमाला विळखा घालतो, भीमाचं बळ चालत नाही, आणि युधिष्ठिर येऊन त्याच्या प्रश्नांची उत्तरं देतो तेव्हा सुटका होते. हा अजगर जाणता आहे, धर्मावर चर्चा करतो. किपलिंगच्या 'का'च्या जवळ जाणारा. आणि अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये अजगर आहेच, एकनाथी भागवत ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल, जे समोर येईल त्यावर समाधान मानून पडून राहणारा.

---

दूरदेशी

न्यू जर्सीतून. आमच्या पिढीला 'का' म्हटलं की डिस्नेच्या आधी दूरदर्शनवरचा आठवतो. ती जपानी मालिका होती, १९८९ ची, आपल्याकडे नव्वदच्या सुरुवातीला हिंदीत लागायची, गुलजारांचं शीर्षकगीत आणि नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान. त्यात 'का' चांगला होता, मोगलीच्या बाजूचा, पुस्तकाला बराच धरून. इथे मुलांना डिस्नेचा दाखवला तर मीच गोंधळलो, अरे हा तर आपला माणूस, हा पोराला खायला का बघतोय?

नंतरचे दोन पण बघितलेत. २०१६ च्या पिक्चरमध्ये 'का' बाई झाली, इंग्रजीत स्कार्लेट जोहान्सन, हिंदीत प्रियांका चोप्रा. तिथे ती मोगलीला डोळ्यांतून त्याच्या वडिलांची गोष्ट दाखवते आणि दाखवता दाखवता विळखा घालते. रानफूल, तुमचं म्हणणं तिथेही बसतंय, अनाथ मुलाला त्याच्या बापाबद्दल सांगणारी पहिली तीच. २०१८ च्या पिक्चरमध्ये केट ब्लँचेट, हिंदीत करीना कपूर, तिथे ती भविष्य जाणणारी, फार पुरातन, खलनायिका अजिबात नाही. म्हणजे फिरून पुस्तकाकडे.

---

रानफूल

सगळ्यांचे आभार, इतकं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. अघासुराचा दाखला तर अगदी नेमका.

@कातळवाट, पुस्तकातला 'का' मोठा आहे यात वादच नाही. पण विदूषक केला म्हणता ते मला पूर्ण पटत नाही. शेरखान त्याच्याकडे चौकशीला येतो तो भाग बघा. मोगली वर वेटोळ्यात गाढ झोपलाय, शेरखान खालून त्याची शेपटी दोरीसारखी ओढतो, दारावरची घंटा वाजवावी तशी. 'का' खाली येतो आणि थापा मारायला लागतो. गाणं ऐकू आलं म्हणतोस? ते मी माझंच गात होतो. तेवढ्यात मोगली घोरतो, तर हा म्हणतो मला सायनसचा त्रास आहे! शेरखान त्याच्या अंगाशी नखं खेळवत अत्यंत सभ्यपणे प्रश्न विचारत राहतो. इथे दोन व्हिलन समोरासमोर आहेत आणि जो आत्ता एका पोराला सहज गुंडाळत होता तो स्वतः घाम फुटल्यासारखा वळवळतोय. हसू येतं, पण त्या हसण्यात एक कळतं की 'का'ची हुशारी फक्त आपल्यापेक्षा लहान, दमलेल्या, झोपाळू जिवावर चालते. ताकदवानापुढे त्याची जीभ अडखळते. पहिल्या प्रसंगात तो बगीरालाही गुंगवतो, पण बगीरा तेव्हा दमलेलाच असतो.

आणि दोन्ही वेळा त्याचा पाडाव कसा होतो? मोगली जागा होतो आणि फांदीवर रचून ठेवलेली वेटोळी नुसती ढकलून देतो. स्वतःच्याच वजनाने सगळा अजगर धडाधड खाली. पहिल्या वेळी बगीरा 'का'ला एक चापट मारतो खरा, पण लगेच स्वतःच गुंगतो. पिक्चरमध्ये मोगलीने एकट्याने, स्वतःच्या हाताने केलेल्या ज्या थोड्या गोष्टी आहेत त्यांत या दोन आहेत. हे मला फार आवडतं.

---

चिऊची_आई

सगळा धागा वाचला. माझा प्रश्न साधा आहे. मुलगी पाच वर्षांची, मागच्या आठवड्यात डिस्नेचा लावला, शेरखानला घाबरली नाही पण 'का' आला की तोंड फिरवते, रात्री विचारते झाडावरून येईल का. बंद करू का परत दाखवू? घरचे म्हणतात कार्टूनच आहे, त्यात काय एवढं.

---

रेघोट्या

ताई, जबरदस्तीने परत नका दाखवू. दाखवायचाच झाला तर दिवसा, आवाज बंद करून फक्त वेटोळी ढकलून देतो तेवढा तुकडा दाखवा. माझ्या मते भीती चित्राची कमी आणि आवाजाची जास्त असते. नंतर तिला एक लांब रेघ काढून त्याला डोळे काढायला सांगा, स्वतः काढलेला साप मुलांना चालतो.

---

सर्पमित्र_सातारा

तिला सांगा अजगर माणसाच्या घरात माणसासाठी येत नाही, आणि त्याला पापण्याच नाहीत त्यामुळे ते डोळे खोटे आहेत. मुलांना खरी माहिती दिली की ती स्वतःच दुसऱ्यांना सांगत सुटतात.

---

कातळवाट

आणि त्याच्याबरोबर पुस्तकातली भिंत फोडायची गोष्ट सांगा, आपल्या शब्दांत, माकडांचा भाग थोडा कमी करून. तीस फुटांचा म्हातारा डोकं आपटून आपटून भिंत पाडतो आणि नंतर त्याचं नाक दुखरं होतं, तिला नक्की आवडेल.

---

चिऊची_आई

भिंतीची गोष्ट काल सांगितली. आता रोज तीच हवी आहे, आणि धडक मारायचं काम माझ्याकडे आहे. पिक्चर सध्या बंद. दूरदर्शनवाली मालिका कुठे बघायला मिळते कुणाला माहीत असेल तर इथेच लिहा प्लीज.